मुलाखतीसाठी भंडाऱ्याला

भंडारा रोड हे रेल्वे स्टेशन भंडारा शहरात नाही. ते वरठी या गावात आहे आणि तिथून शहर दहा-बारा किलोमीटर लांब. ज्यांच्या मुलामुलींना या जिल्ह्यात मुलाखतीला किंवा परीक्षेला जायचे असेल त्यांनी ही गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. पत्रावर 'भंडारा' लिहिलेले असते, फलाटावरही 'भंडारा' दिसते, आणि माणसाला वाटते की आपण पोहोचलो. नागपूरहून एसटीने आले तर थेट शहरात उतरता येते. आम्ही बाळापूरचे, त्यामुळे आम्हाला अकोल्याची विदर्भ एक्स्प्रेस सोयीची होती. ती मुंबईहून निघते, अकोल्याला पहाटे अंधारात येते आणि पुढे नागपूरवरून गोंदियाला जाते.

मुलाखत माझ्या मोठ्या मुलीची होती. तिने जीएनएमचा तीन वर्षांचा नर्सिंगचा कोर्स पूर्ण केला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये नाव नोंदवले आणि मग राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती पाहायला लागली. भंडारा जिल्ह्यात स्टाफ नर्सच्या कंत्राटी जागा निघाल्या होत्या. पगार महिन्याला २०,००० रुपये, कंत्राट वर्षाच्याही आतले, पुढे वाढले तर वाढले. घरापासून तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. आमच्या घरातून नोकरीच्या मुलाखतीला बाहेरगावी जाणारी ती पहिलीच. मुलगा म्हणा की मुलगी म्हणा, पहिलीच, कारण तिचा भाऊ अजून अकरावीत आहे.

तिचे अब्बा एवढेच म्हणाले, "अकोल्यात दवाखाने संपले का?" ते नको म्हणत नव्हते, पण हो म्हणायलाही तयार नव्हते. माझ्या सासूबाईंचा आक्षेप मात्र स्पष्ट होता. दिवसाची नोकरी चालेल, पण रात्रपाळी? लग्नाचे बोलणे सुरू झाले की समोरचे पहिला प्रश्न हाच विचारतील. त्यांना हजरत रुफैदा (रजि.) यांची गोष्ट माझ्या मुलीनेच सांगितली. मदिनेत मशिदीजवळ त्यांचा तंबू होता, खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद (रजि.) यांना उपचारासाठी त्याच तंबूत ठेवले होते. जखमी माणूस काही फक्त दिवसा कण्हत नाही, असे तिने वर जोडले. सासूबाई हसल्या. त्यांचे मत बदलले असे नाही, पण आम्ही निघताना त्यांनी दंडाला इमाम जामिन बांधला.

कोण सोबत जाणार, हा प्रश्न उरला. तिच्या अब्बांचे शिलाईचे दुकान आहे आणि लग्नसराई होती. म्हणून मीच निघाले. दोघी बायका, एक बॅग, कागदपत्रांची एक फाइल आणि डब्यात दोन दिवसांच्या पोळ्या.

उजाडले तेव्हा गाडी बडनेरा मागे टाकून निघाली होती. वर्धा, सेवाग्राम, नागपूरपर्यंत बाहेरचा मुलूख ओळखीचा वाटतो. काळी जमीन, वेचणीला आलेला कापूस, तूर. नागपूरनंतर कामठी येते, कन्हान नदी लागते आणि हळूहळू सगळे बदलते. शेतांचे छोटे छोटे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला मातीचा बांध. इकडे त्याला बांधी म्हणतात. धान कापून झाले होते. बांध्यांमध्ये फक्त खुंट उभे होते, काही ठिकाणी त्यातच लाखोळी हिरवी झाली होती आणि बांधावर तुरीची ओळ. आणि पाणी! डिसेंबर महिना, पण दर थोड्या अंतराने एखादे तळे किंवा बोडी. आमच्या बाळापूरला मन आणि म्हैस या दोन नद्यांचा संगम आहे, पण उन्हाळ्याच्या तोंडाशी तिथे नदीपेक्षा वाळूच जास्त दिसते. मुलगी खिडकीतून हे सगळे पाहत होती आणि मांडीवर पुस्तक उघडे होते. नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश, हे तिने मला त्या प्रवासात इतक्या वेळा ऐकवले की आता मलाही पाठ आहे.

ही तळी आपोआप झालेली नाहीत. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या लोकांनी या भागात तलाव बांधले, त्यांच्यावर धानाची शेती उभी राहिली. मालगुजारी गेल्यावर ते सरकारकडे आले आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' झाले. लोक त्याचे सरळ 'मामा तलाव' करतात. एखाद्या सरकारी नावाचे इतके गोड रूप मी दुसरीकडे ऐकलेले नाही.

वरठीला उतरलो की समोर पोलाद कारखान्याचा धूर दिसतो. बाहेर ऑटोवाले उभेच असतात. शहरात आमच्या नणंदेच्या सासरकडचे एक कुटुंब आहे, त्यांच्याकडे उतरायचे ठरले होते. मुलाखत दुसऱ्या दिवशी अकरा वाजता होती. त्याच दिवशी सकाळी पोहोचायचे असे ठरवणाऱ्या एक-दोन मुली आम्हाला नंतर भेटल्या. गाडी उशिरा आल्याने त्या धावत आल्या, चेहरा धुवायलाही वेळ मिळाला नाही. ज्यांचे कोणी ओळखीचे नाही त्यांनी लॉजचा खर्च करावा, पण आदल्या दिवशी पोहोचावे.

ज्यांच्याकडे उतरलो ते भाईसाहेब आता स्टीलच्या भांड्यांचे दुकान चालवतात, पण त्यांच्या वडिलांचे दुकान पितळेचे होते. भंडारा हे पितळेचे गाव. नावच भाण्यावरून, म्हणजे भांड्यावरून पडले असे इथले लोक सांगतात. गुंड, घागरी, घंगाळे, पराती इथून चारी दिशांना जात. एकेकाळी सकाळच्या अजाननंतर जो आवाज सुरू व्हायचा तो ठोक्यांचा, असे भाईसाहेब म्हणाले. मग स्टील आले, प्लास्टिक आले. पितळेला कल्हई लागते, घासायला चिंच लागते, उचलायला जोर लागतो. नव्या सुनांना ते नको झाले. भाभींनी आतून आवाज दिला, "सुनांना नाही, सासवांनाही नको झालं होतं." त्यांनी जेवायला चिन्नोर तांदळाचा भात आणि तळ्यातली मासळी केली होती. भात दुपारी, भात रात्री आणि सकाळी उरलेल्याचा फोडणीचा भात. आम्ही ज्वारीचे लोक, आमचे पोट भरून भरत नव्हते. पण त्या तांदळाचा वास अजून आठवतो.

संध्याकाळी भाईसाहेबांनी आम्हाला वैनगंगेवर नेले. नदी शहराच्या पूर्वेला आहे, पुलापलीकडे कारधा गाव. ही नदी मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि खाली वर्धा नदीला मिळून प्राणहिता होते. पवनी तालुक्यात गोसीखुर्दचे धरण झाल्यापासून पाणी इथपर्यंत मागे फुगून उभे राहते. त्या धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ रोजी केली होती. कालव्यांची कामे पुढची कित्येक वर्षे चालत राहिली आणि गावे उठली ती मात्र वेळेवर उठली. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वरच्या धरणाचे पाणी सुटले तेव्हा ही नदी शहरात शिरली होती. भाईसाहेबांनी दुकानाच्या भिंतीवरची खूण आम्हाला आधीच दाखवली होती, त्यांच्या छातीएवढी. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेला येते, हेही त्यांनीच सांगितले. दिसायला पाणी फार सुंदर होते. वजू करावासा वाटला नाही.

परतताना मुलगी म्हणाली, "अम्मी, दवाखाना बघू." मला कोणता ते समजले.

९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बाळे होती. ७ वाचली, १० गेली. ही बातमी तेव्हा साऱ्या देशाने पाहिली, आणि वाचकांपैकी बऱ्याच जणींना ती सकाळ आठवत असेल. माझी मुलगी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. त्या दिवशी ती जेवली नाही. मी तिला म्हटले होते, बेटा, तू शिक, पण लहान बाळांच्या वॉर्डात जाऊ नको. ती काही बोलली नाही आणि तिसऱ्या वर्षी तिने नेमके तेच काम मन लावून शिकले. १,८०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाची बाळे, श्वास न घेणारी बाळे, कावीळ झालेली बाळे. अर्जातही तिने त्याच कामाची आवड लिहिली होती.

आम्ही फाटकाजवळ थोडा वेळ थांबलो. आत-बाहेर माणसांची ये-जा चालू होती, एक आजी टोपीत गुंडाळलेले बाळ घेऊन रिक्षाची वाट पाहत होती. बाहेरून पाहिले तर कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणचा सरकारी दवाखाना असतो तसाच. मी विचारले, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते. पण रात्री तिथे कुणीतरी असायलाच पाहिजे ना." यावर आईने काय बोलावे? मी दुआ केली आणि आम्ही घरी आलो.

आता मुलाखतीचा दिवस. कार्यालयात आम्ही साडेनऊलाच गेलो, तरी आधी चाळीसएक मुली हजर. गडचिरोलीच्या, गोंदियाच्या, यवतमाळच्या. काहींच्या कडेवर लहान मूल, सोबत सासू किंवा नवरा. बसायला खुर्च्या थोड्या होत्या, जिन्यावर वर्तमानपत्र पसरून सगळ्या कागद लावत होत्या. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जीएनएमच्या तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, कौन्सिलची नोंदणी, डोमिसाइल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र, फोटो. प्रत्येक झेरॉक्सवर स्वतःची सही.

इथे आपल्या घरांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते. आपल्या मुलींची नावे कागदोपत्री फार घोळाची असतात. शाळेच्या दाखल्यावर 'शेख' शेवटी, बोर्डाच्या गुणपत्रिकेवर सुरुवातीला. आधारवर 'परवीन' आहे, जातीच्या दाखल्यावर नाही. कुठे वडिलांच्या नावापुढे 'शेख' दोनदा. उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जाताना स्पेलिंग तीन प्रकारचे होते. माझ्या मुलीच्या शाळेने दाखल्यावर नाव उलटे चढवले होते. चार महिने आधी आम्ही प्रतिज्ञापत्र केले आणि राजपत्रात नाव छापून घेतले. कागद तपासणाऱ्या बाबूंनी तीन कागदांवरची तीन नावे पाहिली आणि मान वर केली. मुलीने राजपत्राचे पान पुढे केले. त्यांनी वाचले, बरोबरची खूण केली, "पुढे". त्या एका 'पुढे'साठी चार महिन्यांची धावपळ वसूल झाली. आमच्या मागच्या मुलीचे आडनाव लग्नानंतर बदलले होते आणि तिच्याकडे कागद नव्हता. तिला हमीपत्र लिहून द्यावे लागले आणि ती रडवेली झाली. पेन माझे घेतले, म्हणून कळले. ती नागभीडकडची, हिंदू मुलगी. म्हणजे हा त्रास फक्त आपलाच आहे असेही नाही. आपल्याकडे तो जन्मापासून सुरू होतो, इतकेच.

अकराची मुलाखत तीनला झाली. मधल्या वेळेत जोहरची वेळ होत आली. मी शिपाई बाईंना विचारले, की कुठे पाच मिनिटे कोपरा मिळेल का. त्यांनी जुन्या फायलींच्या शेजारची रिकामी खोली उघडून दिली आणि बाहेर स्वतः उभ्या राहिल्या, कुणी येऊ नये म्हणून. पंखा लावला, दिवस थंडीचे असूनही.

आत काय झाले ते मला परतीच्या एसटीत समजले. महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धे तिकीट आहे, त्यामुळे नागपूरपर्यंतचा प्रवास आम्हा दोघींना एका तिकिटात पडला. बस भरलेली, जवाहरनगरच्या आयुधनिर्माणीकडची माणसे चढत-उतरत होती. मौद्यापर्यंत ती गप्प होती. मग बोलायला लागली.

तिची मुख्य काळजी भाषेची होती. ती दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. मराठी येते, पण विचारलेल्या प्रश्नाला झटकन मराठीत उत्तर देताना शब्द अडतो. म्हणून सहा महिने मी घरात तिच्याशी मराठीच बोलत होते. सासूबाई वैतागल्या होत्या, स्वयंपाकघरात शाळा भरली म्हणायच्या. मुलाखतीत पहिलाच प्रश्न मराठीत आला, तिने मराठीतच उत्तर दिले. एका ठिकाणी शब्द सुचला नाही, तिथे तिने नर्सिंगचा इंग्रजी शब्द वापरला आणि पुढे गेली. कुणी काही म्हटले नाही.

डोक्यावरच्या स्कार्फबद्दल मला धाकधूक होती. एका मॅडमनी विचारले तेही सरळ, कामाचे. बाळांच्या कक्षात बाह्या कोपरापर्यंत वर कराव्या लागतात, हातात बांगडी-घड्याळ चालत नाही, डोक्याला तिथली टोपी. जमेल? ती म्हणाली, "तीन वर्षं तेच केलं, मॅडम. हात दोन मिनिटं कोपरापर्यंत धुतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही." मग वजनाचे प्रश्न, दुधाचे प्रश्न, आईच्या उघड्या छातीवर बाळ ठेवून ऊब द्यायची पद्धत समजावून सांगायला लावली. इथपर्यंत ठीक.

शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी विचारले, रात्री दोन वाजता कक्षात धूर दिसला तर काय कराल?

ती म्हणाली, ओरडून सगळ्यांना सावध करीन आणि त्याच वेळी बाळे बाहेर काढायला लागेन. ऑक्सिजन आणि वीज बंद करायला सोबतच्या व्यक्तीला सांगेन. डॉक्टर म्हणाले, सोबत कुणी नसेल तर? "आगीच्या सगळ्यात जवळचं बाळ आधी." आणि मग, मला सांगताना तिचा आवाज खाली गेला, ती त्यांना म्हणाली, "पण सर, तिथे रात्री एकटीला ठेवूच नये."

खोलीत कुणी काही बोलले नाही. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिले आणि या म्हणाले.

"अम्मी, मी जास्त बोलले का?" नागपूर येईपर्यंत तिने हे तीनदा विचारले. मला माहीत नव्हते. नोकरी मागायला गेलेल्या मुलीने असे बोलावे का? माझ्या पिढीतली बाई बोलली नसती. मी तिला पोळीचा डबा दिला, खा म्हटले.

यादी जानेवारीत लागली. तिचे नाव प्रतीक्षा यादीत पहिले होते. घरात कुणी काही म्हटले नाही; सासूबाईंनी चहा केला, एवढेच. फेब्रुवारीत फोन आला. निवड झालेली एक मुलगी रुजू झाली नव्हती. जागा तुमसरच्या उपजिल्हा रुग्णालयात, आठ दिवसांत हजर व्हायचे. दुकानात ईदचे कपडे शिवायला आलेले होते, तरी तिच्या अब्बांनी शटर ओढले आणि तिला सोडायला ते स्वतः गेले. तुमसर रोड स्टेशनही तुमसरमध्ये नाही, देव्हाडीत आहे. हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते.

ते तिथे चार दिवस राहिले. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत एका विधवा बाईंच्या घरी खोली पाहिली, दाराची कडी बदलली, पाण्याचा माठ आणला. तुमसर ही धानाची मोठी बाजारपेठ, बाजूला चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणी. एका दुपारी घरमालकिणीच्या मुलाने त्यांना मोटारसायकलवर आंबागडला नेले. नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह, ज्याने इस्लाम स्वीकारला होता, त्याचा सुभेदार राजाखान पठाण याने १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला असे मानतात. हे ऐकल्यापासून तुमसर परके गाव आहे असे त्यांनी एकदाही म्हटलेले नाही. फोनवर त्यांची तक्रार एकच होती, इथे सगळीकडे भातच मिळतो.

पहिली रात्रपाळी ते निघाल्यावर दुसऱ्या दिवशी होती. मला झोप लागली नाही. सकाळी साडेआठला तिचा फोन आला. रात्री तीन बाळे होती, दोघी जणी ड्यूटीवर होत्या. सगळ्यात लहान बाळाचे वजन चाळीस ग्रॅमने वाढले होते. आणखी काही विचारणार तोच ती म्हणाली, "अम्मी, झोप येतेय, नंतर बोलू," आणि फोन ठेवला.